ताऱ्यांचे लुकलुकणे आणि डोक्यावरची हवा



पावसाळा ओसरला, भातकापणी आटोपली आणि खळ्यावर झोडणी सुरू झाली, की शहापूर व मुरबाड तालुक्यांतील रात्री निरभ्र होऊ लागतात. पूर्वेला सह्याद्रीची भिंत, पश्चिमेला कल्याण-भिवंडीकडे उतरत जाणारा सखल मुलूख, आणि माहुली, गोरखगड, सिद्धगड यांच्या परिसरात विखुरलेली गावे व पाडे, असा हा प्रदेश आहे. येथील एखाद्या आश्रमशाळेच्या अंगणात बसलेल्या मुलाला तारे का लुकलुकतात असे विचारले, तर दोनपैकी एक उत्तर बहुधा मिळते. तारे फार दूर आहेत म्हणून, हे एक. आणि तारा दिव्याच्या ज्योतीसारखा लहान-मोठा होत असतो, हे दुसरे. पहिले उत्तर अर्धे बरोबर आहे. दुसरे चूक आहे. लुकलुकणे हा ताऱ्याचा गुण नव्हेच. तो आपल्या डोक्यावरच्या हवेचा गुण आहे, आणि ही गोष्ट पुस्तकावाचून, नुसत्या डोळ्यांनी पडताळून पाहण्यास या दोन तालुक्यांइतकी सोयीची जागा मुंबईच्या आसपास क्वचितच सापडेल.

काही तारे खरोखरीच मंद-तेजस्वी होतात, हे येथे नमूद केले पाहिजे. मृग नक्षत्रातील काक्षी हा तांबूस तारा २०१९-२० च्या हिवाळ्यात इतका फिका पडला होता की जगभरच्या निरीक्षकांचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले. पण त्या बदलाला आठवडे आणि महिने लागले. एका सेकंदात अनेक वेळा होणारी चमचम ही निराळी गोष्ट आहे.

प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात तिरपा शिरला म्हणजे त्याची दिशा बदलते. जुन्या पिढीतील शिक्षक यास वक्रीभवन म्हणत. आजच्या क्रमिक पुस्तकांत अपवर्तन हा शब्द आहे. शब्द कोणताही असो, वाटीच्या तळाशी रुपया ठेवून तो कडेआड जाईल इतके मागे सरकावे आणि दुसऱ्या कोणी वाटीत पाणी ओतावे, म्हणजे रुपया पुन्हा दिसू लागतो, हा प्रयोग बहुतेक शाळांतून होतो. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ आहे. हवेचा सुमारे १.०००३ आहे. हा आकडा फळ्यावर लिहिला की विद्यार्थी त्यातील शेवटचा तीन सोडून देतो आणि हवा म्हणजे काहीच नाही असे धरून चालतो. ताऱ्यांची सगळी गंमत मात्र त्या शेवटच्या तिनात आहे.

या हवेचे दोन प्रकारचे वर्तन ध्यानात ठेवावे लागते. पहिले शांत आहे. हवा जमिनीलगत दाट आणि वर जावे तसतशी विरळ होत जाते. त्यामुळे ताऱ्याचा किरण खाली येताना हळूहळू वाकतो आणि तारा आपल्या खऱ्या जागेपेक्षा किंचित वर दिसतो. शहापूर-मुरबाडचा अक्षांश साधारण सव्वाएकोणीस ते साडेएकोणीस अंश आहे. म्हणून ध्रुवतारा येथे क्षितिजापासून तितकाच वर असतो. हवेमुळे तो आणखी सुमारे तीन कला, म्हणजे अंशाचा विसावा भाग, उचललेला दिसतो. ही उचल डोळ्यांना जाणवत नाही. क्षितिजावर मात्र ती सुमारे चौतीस कलांपर्यंत जाते, आणि सूर्याच्या बिंबाचा व्यास सुमारे बत्तीस कला आहे. याचा अर्थ असा, की मावळता सूर्य जेव्हा क्षितिजाला नुसता टेकलेला दिसतो, तेव्हा भूमितीच्या हिशेबाने तो पूर्णपणे बुडून गेलेला असतो. दिसते ते बिंब हवेने उचलून धरलेले आहे. खालची कड वरच्या कडेपेक्षा अधिक उचलली जात असल्यामुळे बिंब सुमारे एक षष्ठांश चेपलेले दिसते. वसई किंवा अलिबागच्या किनाऱ्यावरून हे पुष्कळांनी पाहिलेले असेल. आपल्याकडे या उचलीमुळे सूर्योदय सुमारे अडीच मिनिटे लवकर आणि सूर्यास्त तितकाच उशिरा होतो. सूर्योदयाची वेळ बिंबाच्या मध्यावरून धरावी की वरच्या कडेवरून, आणि हवेची ही उचल जमेस धरावी की नाही, यावर दोन पंचांगांतील वेळांत काही मिनिटांचा फरक पडू शकतो. अशा वेळी दोहोंपैकी एक पंचांग खोटेच असले पाहिजे असे नाही. मुरबाडच्या पूर्वेकडील गावांना ही चर्चा तशी लागू नाही, कारण तेथे सूर्य क्षितिजावर उगवत नाही. तो सह्याद्रीच्या माथ्यावरून, बराच वर आल्यावरच दर्शन देतो.

मोजणीचे काम करणाऱ्यांना हवेच्या या शांत वाकण्याने फार पूर्वीपासून जेरीस आणले आहे. हिमालयातील शिखरांची उंची भारतीय सर्वेक्षण विभागाने १८४९-५० च्या सुमारास शेकडो मैल लांबीच्या सपाट प्रदेशातून वेध घेऊन काढली. राधानाथ सिकदार आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गणितात सर्वांत कठीण दुरुस्ती होती ती अपवर्तनाची. एवढ्या अंतरावर तिचे मान शेकडो फुटांचे होते. १८५६ साली एव्हरेस्टची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. दोहोंत अवघा नऊ मीटरांचा फरक पडतो. हातात लॉगरिदमची कोष्टके आणि डोक्यावर हिमालयाची हवा, एवढ्या भांडवलावर केलेल्या कामाचा हा हिशेब आहे.

आता हवेचे दुसरे, अशांत वर्तन. ते पाहण्यास रात्रीची वाट पाहण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी शेतकरी राब जाळतात, तेव्हा जाळाच्या पलीकडची झाडे नाचताना दिसतात. वीटभट्टीच्या माथ्यावरून पाहिले असता मागचा डोंगर थरथरतो. दुपारी मुंबई-नाशिक महामार्गावर खर्डीच्या पुढे, किंवा कल्याण-मुरबाड-माळशेज मार्गावरील सरळ पट्ट्यात, डांबरावर दूर पाणी साचल्याचा भास होतो. जवळ जावे तो रस्ता कोरडा. डांबरालगतची तापलेली विरळ हवा आकाशाकडून येणारा किरण वर वळविते आणि आपण आकाशाचा तुकडा जमिनीवर पाहतो, तेच मृगजळ होय. मोजणीदार भर दुपारी पट्टीवरील अगदी खालच्या आकड्यांवर विसंबत नाही, त्याचे कारणही हेच आहे. तेथे आकडे हलत असतात.

तापमान एक अंशाने बदलले तर हवेच्या अपवर्तनांकात सुमारे दहा लाखांत एक भाग इतका फरक पडतो. फरक नगण्य वाटतो. परंतु ताऱ्याच्या किरणाला अशा हवेतून काही किलोमीटर प्रवास करावयाचा असतो, आणि त्या प्रवासात ऊन-गार हवेचे पुंजके एकापाठोपाठ एक आडवे येतात. कोमट पाण्यात साखरेचा खडा सोडला म्हणजे विरघळताना त्याच्याभोवती वळवळणाऱ्या रेषा दिसतात. हवेत तशाच रेषा सदैव वळवळत असतात, फक्त त्या दिसत नाहीत. हे पुंजके हाताच्या वितीएवढे, काही त्याहून लहान, काही पुष्कळ मोठे असतात. प्रत्येक पुंजका हा एक दुबळे भिंग आहे. एखादे किरणांना किंचित एकत्र आणते, दुसरे त्यांना किंचित पांगविते.

याचा परिणाम कसा होतो ते समजण्यास काळू किंवा भातसा नदीचा काठ पुरेसा आहे. हिवाळ्यात पाणी उथळ आणि नितळ असते. ऊन पडले म्हणजे तळाच्या वाळूवर उजळ रेषांचे एक जाळे पसरते आणि सारखे हलत राहते. पाण्याच्या पृष्ठभागावरील तरंगांनी सूर्यकिरणांना कोठे एकत्र आणले, कोठे पांगविले, त्याचा तो नकाशा असतो. तळावरील एका गोट्यावर नजर ठेवावी. त्याच्यावरून उजळ रेषा सरकली की तो चमकतो, सरकून गेली की मंदावतो. आपण सारे हवेच्या महासागराच्या तळाशी असेच बसलेलो आहोत. ताऱ्याच्या प्रकाशाचे तसेच एक अतिशय फिके जाळे जमिनीवरून धावत असते आणि डोळ्याची बाहुली त्या गोट्याच्या जागी असते. खग्रास सूर्यग्रहणाच्या आधी काही क्षण, सूर्याची केवळ एक कोर उरलेली असताना, जमिनीवर अस्पष्ट छायापट्ट्या सरपटताना दिसतात. १६ फेब्रुवारी १९८० रोजी शेजारच्या कर्नाटकातून खग्रास पट्टा गेला होता, तशा प्रसंगी पांढरी चादर अंथरून या पट्ट्या शोधतात. त्याही याच जातीच्या.

मग ग्रह का लुकलुकत नाहीत? येथे अंतराविषयीच्या उत्तराचा अर्धा खरेपणा उपयोगी पडतो. एका अंशाचे ३,६०० भाग केले तर एकेका भागास विकला म्हणतात. दहा किलोमीटर उंचीवरील दहा सेंटिमीटर आकाराचा हवेचा पुंजका आपल्या डोळ्याशी सुमारे दोन विकलांचा कोन करतो. व्याध हा रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा. त्याचे बिंब विकलेच्या शंभराव्या भागाहूनही लहान आहे. तो पूर्णपणे त्या पुंजक्याच्या मुठीत सापडतो. गुरूचे बिंब तीस ते पन्नास विकला असते. त्याच्या एका भागाचा प्रकाश क्षणभर मंदावला तर दुसऱ्याचा वाढतो आणि एकंदर गोळाबेरीज स्थिर राहते. तात्पर्य, ताऱ्याचे अंतर त्याला बिंदू बनविते, आणि त्या बिंदूला हलविते ती हवा. मात्र ‘ग्रह लुकलुकत नाहीत’ हे वाक्य फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिताना थोडे जपावे. बुध क्षितिजालगत असतो तेव्हा तोही चमचमतो, आणि अगदी खाली उतरलेल्या शुक्राच्या चांदणीलाही ही सवय लागते. एखाद्या चौकस मुलीने तसे सांगितले तर ती खरेच सांगत असते.

हवेच्या खळबळीचे दोन मुख्य थर आहेत. एक जमिनीलगतचा. दिवसा तापलेली कातळाची टेकडी, घरांचे पत्रे आणि डांबर संध्याकाळी उष्णता सोडू लागतात, म्हणून तिन्हीसांजेनंतरचा पहिला तास-दोन तास निरीक्षणास फारसा चांगला नसतो. जानेवारीत उत्तररात्री सह्याद्रीच्या उतारांवरून थंड हवा खाली झिरपते, गावावर धुराचा सपाट थर साचतो, आणि तळची हवा स्तब्ध होते. तरीही तारे चमचमतातच, कारण दुसरा थर फार वर आहे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून सुमारे बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वारे वाहतात आणि त्यांच्या दक्षिणेकडील कडेचा प्रभाव आपल्याकडेही असतो. अंगणात पान हलत नाही आणि वर मात्र वादळ चालू आहे, याची वर्दी डोळ्यांना देणारे साधन म्हणजे ताऱ्याची चमचम.

खगोलशास्त्रज्ञाला ही वर्दी नको असते. दुर्बीण कितीही मोठी केली तरी हवेचा कंप तीतून जाणार नाही आणि उंच पर्वतांवरील निवांत हवा हाच त्यावर उपाय, असे न्यूटनने १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’मध्ये सुचवून ठेवले होते. माळशेजचा घाट चढून सह्याद्रीपलीकडे गेले, की या सूचनेचे एक उदाहरण सापडते. आंबेगाव तालुक्यातील गिरवली येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर, पुण्याच्या आयुका या संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली राष्ट्रार्पण झाली. तेवढ्या उंचीवर वातावरणाचा सुमारे दहावा हिस्सा पायाखाली राहतो. लडाखमधील हानले येथे, साडेचार हजार मीटरांवर, चार दशांशांहून अधिक. १९५३ साली अमेरिकेत होरेस बॅबकॉक यांनी याहून धाडसी कल्पना मांडली. हवा प्रकाशाला जितकी वाकविते, तितकाच दुर्बिणीतील आरसा उलट दिशेने क्षणोक्षणी वाकवावा. संगणक पुरेसे वेगवान होईपर्यंत तिला काही दशके थांबावे लागले. आज जगातील बहुतेक मोठ्या दुर्बिणींवर अशी यंत्रणा आहे.

पंचायत सदस्यांना हे सारे फार दूरचे वाटण्याचा संभव आहे. परंतु २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी झाली, तेव्हा याच हवेशी गाठ होती. ड्रोन व मोजणीची यंत्रे उपग्रहांच्या संदेशांवरून आपले स्थान काढतात. सुमारे वीस हजार किलोमीटरवरून येणारा हा संदेश खालच्या हवेत इतका रेंगाळतो, की उपग्रह थेट माथ्यावर असतानाही अंतर सुमारे अडीच मीटर जास्त भरते. त्याच्या वर, शंभर किलोमीटरपलीकडे, सूर्यप्रकाशाने विद्युत्भारित झालेला आयनांबराचा थर आणखी घोळ घालतो. आपल्या अक्षांशांवर सूर्यास्तानंतरच्या काही तासांत तेथे खळबळ माजली म्हणजे उपग्रहांचे संदेशसुद्धा ताऱ्यांप्रमाणे लुकलुकतात. जागा अचूक माहीत असलेल्या स्थिर संदर्भ केंद्रांच्या साहाय्याने ही चूक वजा करतात. तसे केले नाही तर दोन घरांमधील बोळ कोणाचा, हा वाद उपग्रहाच्या साक्षीनेच पेटेल.

हवा प्रकाश वाकविते, तसाच तो विखुरतेही. वर फेकलेला दिव्याचा प्रकाश धूळ आणि बाष्प यांवरून विखरून परत खाली येतो आणि आकाश पांढुरके होते. कल्याण, भिवंडी, ठाणे यांची ही आभा आता शहापूर-मुरबाडच्या पश्चिम क्षितिजावर कायमची आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये शहापूर तालुक्यातून वाहतुकीस खुला झाला. त्याबरोबर दिवेही येणारच. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. रात्री-अपरात्री दवाखाना गाठणाऱ्या बाळंतिणीला उजेड हवा, विंचू-सापाच्या दिवसांत पाड्याच्या वाटेवरही हवा. प्रश्न उजेड कोठे पडतो एवढाच आहे. ग्रामपंचायतीच्या खांबावरील दिवा आडवा बसवून त्याला वरून झाकण असेल तर प्रकाश रस्त्यावर पडतो. तिरपा व उघडा असेल तर त्यातील काही भाग आकाशात जातो आणि त्याचेही वीजबिल पंचायतच भरते. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले अंधार-आकाश उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी सिल्लारी, खापा आदी गावांतील शंभराहून अधिक दिवे जमिनीकडे तोंड करून बदलण्यात आले. गावे अंधारात गेली नाहीत. वास्तविक शहापूर-मुरबाडलाही या बाबतीत एक शेजारधर्म आहे. १९८५-८६ मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या सुमारास मुंबईत उभ्या राहिलेल्या खगोल मंडळाने आकाशदर्शनाच्या रात्री भरविण्यासाठी जवळच्याच वांगणीची निवड केली होती, ती अंधारासाठीच. शहरातील माणसे तिकिटे काढून जो अंधार पाहण्यास येतात, तो येथील शाळेच्या अंगणात फुकट आहे. तो किती वर्षे राहील हे दिव्यांच्या खरेदीचे ठराव ठरवतील.

शिक्षकांनी आकाशाकडे वळावे ही अपेक्षा महाराष्ट्रात नवी नाही. ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा १८९६ चा थोर ग्रंथ लिहिणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे पेशाने शिक्षकच होते, आणि सामान्य वाचकासाठी त्यांनी लिहिलेल्या ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकाचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. पुढील प्रयोगाला तेवढाही वेळ लागत नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस रात्री साडेआठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहावे. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश मापते. क्षितिजापासून दोन मुठींच्या थोडे खाली, ठीक दक्षिणेस, जो तेजस्वी तारा दिसतो तो अगस्ती. त्याच्या जवळजवळ सरळ वर, सव्वापाच मुठींवर, व्याध. तेजस्वितेत हा पहिला आणि अगस्ती दुसरा. एकाच वेळी, एकाच दिशेला, पण एक अठरा अंशांवर व दुसरा चोपन्न अंशांवर. व्याधाच्या प्रकाशाला माथ्यावरच्या हवेच्या सव्वापट हवा ओलांडावी लागते, अगस्तीच्या प्रकाशाला तिपटीहून जास्त. दोघांची चमचम मुलांनी आपल्या शब्दांत वहीत लिहावी : शांत, मध्यम की तीव्र, रंग दिसले की नाही. निळा किरण तांबड्यापेक्षा किंचित अधिक वाकतो. खाली असलेल्या ताऱ्याचे हे दोन किरण हवेतून थोड्या वेगळ्या वाटांनी येतात आणि वेगवेगळ्या पुंजक्यांत सापडतात, म्हणून अगस्ती कधी हिरवट, कधी तांबूस ठिणग्या टाकतो. शाळेत दुर्बीण असेल तर ती ताऱ्यावर धरून हलकेच हलवावी. ताऱ्याची रेघ होते आणि तीत निरनिराळ्या रंगांचे मणी ओवल्यासारखे दिसतात. त्या वर्षी गुरू आकाशात असेल तर त्याचीही तशीच रेघ ओढून पाहावी. तीत मणी नसतात.

हे निरीक्षण आठवडाभर रोज त्याच वेळी करावे आणि शेजारी वाऱ्याची व थंडीची नोंद ठेवावी. तारे दररोज सुमारे चार मिनिटे लवकर येतात, तेवढे घड्याळ मागे घ्यावे. मार्चच्या मध्यास अगस्ती साडेसातच्या सुमारासच दक्षिणेस आलेला असतो, आणि त्यानंतर तो नैर्ऋत्येकडे कलू लागला की जाड हवेत त्याची चमचम वाढत जाते.